मुहम्मद अली : शिक्षेपासून पदकापर्यंत

बिल सिगल यांचा 'द ट्रायल्स ऑफ मुहम्मद अली' हा २०१३ सालचा माहितीपट दोन जुन्या चित्रफितींनी सुरू होतो. पहिली १९६८ची आहे. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या एका कार्यक्रमात अमेरिकन निर्माते डेव्हिड ससकिंड अलीवर तुटून पडतात. हा माणूस देशाला, स्वतःच्या वंशाला आणि आपल्या व्यवसायाला कलंक आहे, तो जामिनावर सुटलेला गुन्हेगार आहे आणि शेवटी तुरुंगातच जाणार, असं ते बोलत राहतात. अली शांतपणे ऐकतो. दुसरी चित्रफीत २००५ची, व्हाइट हाउसमधली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश त्याच अलीच्या गळ्यात 'प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम' हे अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक घालतात. अलीचे हात कापत असतात. बोलणं जवळजवळ थांबलेलं असतं.

या दोन प्रसंगांत सदतीस वर्षांचं अंतर आहे. देशाचा कलंक देशाचा अभिमान कसा झाला, हा या माहितीपटाचा प्रश्न. तो त्याने मनापासून विचारला आहे. पण मला त्यातून दुसराच प्रश्न पडला. या सदतीस वर्षांत अमेरिका बदलली, अली बदलला की अलीचा फक्त आवाज गेला?

मुहम्मद अलीवर माहितीपट पुष्कळ आहेत. १९७४च्या किन्शासातल्या लढतीवरचा 'व्हेन वी वेअर किंग्ज' ऑस्कर घेऊन गेला. केन बर्न्स यांची चार भागांची मालिका २०२१ साली आली. पण बहुतेक ठिकाणी कॅमेरा रिंगमध्ये रमतो. ठोसे, पदलालित्य, यमक जुळवत केलेली बडबड, आणि मग पुढची लढत. सिगल यांच्या माहितीपटात बॉक्सिंग फारच कमी आहे. त्यांचा मुक्काम १९६४ ते १९७१ या वर्षांवर आहे, म्हणजे धर्मांतर, सैन्यभरतीला नकार, शिक्षा, बंदी आणि सुप्रीम कोर्ट. म्हणूनच मला तो अलीवरच्या चांगल्या माहितीपटांपैकी एक वाटतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडावंसंही वाटतं.

अलीच्या आधीचे दोघे

अलीची गोष्ट नीट कळायची तर त्याच्या आधीच्या दोन काळ्या हेवीवेट विजेत्यांची गोष्ट माहीत हवी.

जॅक जॉन्सन १९०८ साली जगज्जेता झाला. या किताबापर्यंत पोचलेला तो पहिला काळा मुष्टियोद्धा. तो श्रीमंतीत राहायचा, मोटारी पळवायचा, गोऱ्या बायकांशी लग्न करायचा आणि कुणालाही घाबरायचा नाही. १९१३ साली सर्व गोऱ्या ज्युरीने त्याला मॅन कायद्याखाली दोषी ठरवलं. तो देश सोडून गेला, अनेक वर्षांनी परतला आणि त्याने तुरुंगवास भोगला.

त्यानंतर आला जो लुई. जॉन्सनसारखं वागायचं नाही, हे त्याला सुरुवातीपासून शिकवलेलं होतं. हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर हसायचं नाही, गोऱ्या स्त्रियांसोबत फोटो काढायचा नाही. १९४२ साली तो सैन्यात दाखल झाला. दोन लढतींची कमाई त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली. सैनिकांसमोर प्रदर्शनी लढती केल्या. देशाने त्याला डोक्यावर घेतलं, पण युद्ध संपल्यावर प्राप्तिकर खातं वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागलं आणि तो कर्जात बुडाला.

एक उर्मट निघाला, त्याला शिक्षा झाली. दुसरा आज्ञाधारक राहिला, तोही कंगाल झाला. काळ्या विजेत्यासमोर अमेरिकेने ठेवलेल्या या दोन वाटा होत्या. कॅशियस क्ले या केंटकीच्या लुईव्हिल शहरातल्या मुलाने दोन्ही नाकारल्या. माझ्या मते त्याचं मोठेपण इथून सुरू होतं. हा धागा हाती असता, तर अलीचा नकार एका हट्टी तरुणाचा न वाटता पन्नास वर्षांच्या अनुभवाचं उत्तर वाटला असता.

नावाची लढाई

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीचला बावीस वर्षांच्या क्लेने सॉनी लिस्टनला हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पत्रकारांसमोर आपला नवा धर्म मान्य केला. ६ मार्चला 'नेशन ऑफ इस्लाम'चे प्रमुख एलिजा मुहम्मद यांनी त्याचं नवं नाव रेडिओवरून जाहीर केलं, मुहम्मद अली.

माहितीपटाचा हा भाग उत्तम आहे. मायामीच्या रस्त्यावर 'मुहम्मद स्पीक्स' हे वृत्तपत्र विकणाऱ्या आणि क्लेला पहिल्यांदा संघटनेकडे नेणाऱ्या कॅप्टन सॅमपासून लुई फराखानपर्यंत अनेक जण स्वतः बोलतात. गोऱ्या निवेदकाने काळ्या मुसलमानांबद्दल बोलायचं, ही जुनी रीत इथे मोडली आहे.

नाव बदलणं ही आज किरकोळ बाब वाटेल. तेव्हा तो उघड बंडाचा पुकारा होता. गुलाम बनवून आणलेल्या माणसांना मालकाचं आडनाव मिळालं. ते नाव टाकणं म्हणजे मालकी नाकारणं. गंमत अशी की ज्या कॅशियस मार्सेलस क्लेचं नाव अलीच्या घराण्यात चालत आलं होतं, तो एकोणिसाव्या शतकातला गोरा गुलामगिरीविरोधक होता. पण उपकारकर्त्याचं नाव झालं तरी ते दुसऱ्याने दिलेलंच, आणि अलीला स्वतःचं हवं होतं.

ते नाव घ्यायला लोक तयार नव्हते. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखं वर्तमानपत्रही अनेक वर्षं 'क्ले'च छापत राहिलं. फ्लॉइड पॅटरसन त्याला क्ले म्हणायचा, एर्नी टेरेलही. १९६७च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या रिंगमध्ये टेरेलला ठोसे मारताना अली पुन्हा पुन्हा विचारत होता, माझं नाव काय? ती लढत बघवत नाही. प्रतिस्पर्धी हरला असतानाही त्याला छळण्यासाठी लढत लांबवली, असा आरोप तेव्हा झाला आणि तो निराधार नव्हता. अपमानित माणूस नेहमी उदार होतो असं नाही.

सुप्रीम कोर्टातल्या खटल्याचं शीर्षकही 'क्ले विरुद्ध युनायटेड स्टेट्स' असंच आहे. ज्या निकालाने त्याला सोडवलं, त्याच्या माथ्यावर त्याने टाकून दिलेलं नाव आहे. आपल्यापैकी ज्यांना कधी नावामुळे भाड्याचं घर नाकारलं गेलं असेल, त्यांना नाव म्हणजे काय असतं हे वेगळं सांगायला नको.

हा कोणता इस्लाम?

इथे आपण मुस्लीम वाचकांनी थोडं थांबलं पाहिजे. अलीने १९६४ साली स्वीकारलेला 'नेशन ऑफ इस्लाम' आणि आपण ज्याला इस्लाम म्हणतो, त्यात मूलभूत फरक होता. १९३० साली डेट्रॉइटमध्ये ही चळवळ सुरू करणारे डब्ल्यू. डी. फार्ड हे प्रत्यक्ष अल्लाहचं मानवी रूप आणि एलिजा मुहम्मद हे त्याचे प्रेषित, अशी त्यांची श्रद्धा होती. गोरी माणसं ही याकूब नावाच्या शास्त्रज्ञाने निर्माण केलेली सैतानी जमात आहे, असंही शिकवलं जायचं. तौहीद आणि खत्म-ए-नुबुवत मानणाऱ्या कुणालाही हे मान्य होणार नाही. अली त्या काळात वंशांनी वेगळं राहावं, आंतरवंशीय लग्नं करू नयेत, असं जाहीरपणे बोलायचा.

तरीही हजारो काळी माणसं तिकडे का गेली? कारण ती शिकवण पुस्तकात जितकी विचित्र दिसते, तितकी त्यांच्या रोजच्या आयुष्यात दिसत नव्हती. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार मारलं. त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचा फोटो छापून आला. टिल अलीपेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी मोठा होता. १९६०च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन परतलेल्या अलीला स्वतःच्या गावात गोऱ्यांच्या हॉटेलात जेवण मिळत नव्हतं. अशा माणसाला कुणी सांगितलं की तू हीन नाहीस, दारू सोड, डुक्कर खाऊ नकोस, स्वच्छ राहा, आपलं दुकान काढ, आपल्या लोकांत मान वर करून चाल, तर तो आधी अकीद्याची तपासणी करत बसणार नाही.

माहितीपट हे समजून घेतो, पण चळवळीच्या अंधाऱ्या बाजूपाशी पोचला की त्याची चाल मंदावते. मालकम एक्स हा त्यातला सगळ्यात दुखरा भाग.

मालकम यांनी क्लेला लिस्टनच्या लढतीआधी धीर दिला, त्याच्यात इतिहासाची जाण पेरली. १९६४च्या मार्चमध्ये मालकम संघटनेतून बाहेर पडले. मे महिन्यात घानामध्ये दोघांची अचानक गाठ पडली. मालकम हज करून आलेले, गोऱ्या मुसलमानांच्या शेजारी नमाज पढलेले, अंतर्बाह्य बदललेले. अलीने तोंड फिरवलं. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भर सभेत मालकम यांचा खून झाला.

माहितीपटात फराखान अलीबद्दल आपुलकीने बोलतात. याच फराखान यांनी १९६४च्या डिसेंबरमध्ये 'मुहम्मद स्पीक्स'मध्ये मालकम मृत्यूलाच पात्र आहेत, अशा आशयाचं लिहिलं होतं. मला तिथे एक प्रश्न हवा होता. ज्यांनी सत्तेला प्रश्न विचारले, त्यांनाही प्रश्न विचारणं हे माहितीपटाचं काम आहे. अलीने स्वतः ते टाळलं नाही. २००४ साली आलेल्या आत्मचरित्रात मालकमकडे पाठ फिरवणं ही आयुष्यातल्या सर्वांत पश्चात्ताप वाटणाऱ्या चुकांपैकी एक असल्याचं त्याने कबूल केलं आहे.

दुसरा दुखरा भाग स्त्रियांचा. पहिली बायको सोंजी रॉय संघटनेच्या पोशाखाचे नियम पाळायला तयार नव्हती, म्हणून १९६६च्या सुरुवातीला घटस्फोट झाला. दुसरी बायको खलीला बंदीच्या कठीण वर्षांत सोबत राहिली. माहितीपटात ती दिलखुलास बोलते आणि तिच्यामुळे पडद्यावर जीव येतो. पण विवेकासाठी पाच वर्षांचा तुरुंग पत्करायला निघालेल्या माणसाने घरातल्या बाईला तिच्या विवेकाने वागू दिलं नाही, ही विसंगती कुणी बोलून दाखवत नाही.

नकार

१९६४ साली लष्कराच्या बुद्धिचाचणीत अली नापास झाला होता. व्हिएतनाममध्ये माणसं कमी पडू लागली तसे निकष खाली आले आणि फेब्रुवारी १९६६मध्ये तो भरतीला पात्र ठरला. बातमी आली तेव्हा तो मायामीत होता. दिवसभर पत्रकार फोन करून छळत होते. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य जगभर गेलं, व्हिएतकाँगशी माझं काही भांडण नाही.

त्याने धार्मिक कारणावरून सूट मागितली. केंटकीचे निवृत्त न्यायाधीश लॉरेन्स ग्रौमन यांच्यासमोर सुनावणी झाली. अलीची श्रद्धा प्रामाणिक आहे, त्याला सूट द्यावी, असं मत ग्रौमन यांनी दिलं. न्याय खात्याने ते बाजूला सारून उलट सल्ला दिला.

२८ एप्रिल १९६७ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारलं गेलं, अलीने पाऊल पुढे टाकलं नाही. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना स्थगित केला. तोवर त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा नव्हतं. २० जूनला सर्व गोऱ्या ज्युरीने अवघ्या एकवीस मिनिटांत त्याला दोषी ठरवलं. शिक्षा कायद्यात होती तितकी कमाल, म्हणजे पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड. पासपोर्ट जप्त झाला. अपील चालू असल्यामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला, पण मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० या काळात एकही लढत नाही. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली सर्वांत मौल्यवान वर्षं.

त्याला वाट होती. जो लुईसारखी गणवेशात प्रदर्शनी लढती करून बंदूक हाती न धरण्याची सोय त्याच्यासाठीही झाली असती. ती त्याने घेतली नाही. पोटासाठी कॉलेजांमध्ये भाषणं दिली, ब्रॉडवेवर 'बक व्हाइट' नावाच्या संगीत नाटकात काम केलं, तेही थोड्याच दिवसांत बंद पडलं. माहितीपटातली ही दृश्यं मला सर्वांत जास्त भिडली. जगज्जेता विद्यार्थ्यांच्या सभांमध्ये उभा राहून प्रश्नांना उत्तरं देतो आहे. कधी चिडतो, कधी हसवतो, पण माघार घेत नाही.

याच काळात सरकारची पाळतही होती. मार्टिन लूथर किंग यांचा फोन एफबीआय चोरून ऐकत होती, त्यात अलीचं बोलणंही नोंदवलं गेलं. हे १९६९ साली कोर्टातच उघड झालं. पुढे ८ मार्च १९७१च्या रात्री सगळी अमेरिका अली-फ्रेझर लढतीत गुंतलेली असताना काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी पेन्सिल्वेनियातल्या मीडिया या गावातलं एफबीआयचं कार्यालय फोडलं आणि कागदपत्रं वर्तमानपत्रांना पाठवली. पहारा ढिला असेल म्हणून त्यांनी मुद्दाम ती रात्र निवडली होती. नागरिकांवरच्या पाळतीचा मोठा कट त्यातून बाहेर आला. अली ती लढत हरला, पण ज्या यंत्रणेने त्याच्यावर नजर ठेवली होती तिचं बिंग त्याच रात्री फुटलं.

आणखी एक गोष्ट. १९६९च्या एप्रिलमध्ये पैशांसाठी पुन्हा लढायची तयारी अलीने बोलून दाखवली, तेव्हा एलिजा मुहम्मद यांनी त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं आणि दिलेलं नावही काढून घेतलं. म्हणजे एकीकडे सरकार त्याला क्ले म्हणत होतं आणि दुसरीकडे त्याची स्वतःची जमातही. या एकटेपणात तो 'मुहम्मद अली'च राहिला. ते नाव कुणी दिलेलं आणि कुणी काढून घेता येण्यासारखं उरलं नव्हतं.

निकालाचा खरा अर्थ

२८ जून १९७१ रोजी सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य अशा मताने अलीची शिक्षा रद्द केली. अलीला न्याय मिळाला, असं आपण ऐकत आलो. पण आतली गोष्ट वेगळी आहे. न्यायमूर्ती हार्लन यांचे त्यावेळचे सहायक टॉमस क्रॅटनमेकर ती माहितीपटात सांगतात. थर्गूड मार्शल या खटल्यातून बाजूला झाले होते. उरलेल्या आठांचं पहिलं मत पाच विरुद्ध तीन असं, अलीला तुरुंगात पाठवण्याच्या बाजूने होतं. निकाल लिहायचं काम हार्लन यांच्याकडे आलं. सहायकांच्या आग्रहामुळे त्यांनी एलिजा मुहम्मद यांचं लेखन वाचलं आणि त्यांचं मत बदललं. आता चार विरुद्ध चार. बरोबरी झाली तरी शिक्षा कायमच राहिली असती, तीही कारण न देता. तेव्हा न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी एक पळवाट सुचवली.

सूट मिळवायला तीन अटी होत्या. सर्व प्रकारच्या युद्धाला विरोध, तो विरोध धार्मिक श्रद्धेतून आलेला असणं आणि त्यात प्रामाणिकपणा. अपील मंडळाने अर्ज फेटाळताना कोणती अट पूर्ण झाली नाही हे सांगितलंच नव्हतं. दरम्यान श्रद्धा धार्मिक आहे आणि प्रामाणिक आहे, हे सरकारने कोर्टात मान्य केलं होतं. मग मंडळाने नेमकं कशावरून नाकारलं ते कळत नाही, म्हणून शिक्षा रद्द. इतकंच.

पहिली अट, म्हणजे सर्व युद्धांना विरोध, हा खरा वादाचा मुद्दा होता. अल्लाहने सांगितलेल्या युद्धाशिवाय दुसऱ्या युद्धात मी उतरणार नाही, अशी अलीची भूमिका होती. जिहाद मानणाऱ्या मुसलमानाला युद्धविरोधी म्हणायचं का, हा तो प्रश्न. कोर्टाने त्याला हातच लावला नाही. बाकी काळ्या मुसलमान तरुणांना या निकालाने काही हक्क दिला नाही. एक प्रसिद्ध माणूस सुटला, तत्त्व तिथेच लटकत राहिलं.

माहितीपट हा भाग उत्कंठेने सांगतो, पण त्याचा अर्थ पुरेसा उलगडत नाही. राज्यव्यवस्थेने चूक मान्य केली नाही. ती अडचणीतून बाहेर पडली. तोवर बहुसंख्य अमेरिकनांनाच व्हिएतनामचं युद्ध चूक वाटू लागलं होतं. लोकमत वळल्यानंतर पळवाट सापडली, हे लक्षात घेतलं की २००५च्या पदकाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं.

आवाज गेल्यावरचं प्रेम

१९७१ नंतर माहितीपट झपाट्याने पुढे सरकतो. मधली वर्षं समजून घ्यायला त्याच्या बाहेर जावं लागतं. १९७५ साली एलिजा मुहम्मद वारले. त्यांचे पुत्र वॉरिथ दीन मुहम्मद यांनी संघटनेला सुन्नी इस्लामच्या मुख्य प्रवाहाकडे नेलं आणि अली त्यांच्यासोबत गेला. उतारवयात तो हजरत इनायत खान यांची पुस्तकं वाचायचा, असं त्याची मुलगी हाना सांगते. हे इनायत खान १८८२ साली गायकवाडांच्या बडोद्यात, दरबारी गायक मौला बख्श यांच्या घरी जन्मलेले त्यांचे नातू. 'गोरे म्हणजे सैतान' इथून निघालेला माणूस बडोद्याच्या सूफीपर्यंत पोचला. हा प्रवास कुठल्याही लढतीपेक्षा मोठा आहे.

जानेवारी १९८०मध्ये अली भारतात आला होता. दिल्लीत भारतीय सैन्यातला मुष्टियोद्धा कौर सिंगसोबत त्याची प्रदर्शनी लढत झाली, मद्रासलाही तो गेला. भारतात असतानाच राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचा निरोप आला. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, आणि मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकायला आफ्रिकन देशांना राजी करायला अमेरिकेचा दूत म्हणून जायचं होतं. एका मुस्लीम देशावरचा हल्ला म्हणून अली तयार झाला. टांझानियात राष्ट्राध्यक्ष न्येरेरे त्याला भेटलेच नाहीत. पत्रकारांनी विचारलं, दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावरून आम्ही १९७६च्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला तेव्हा अमेरिका कुठे होती? हा इतिहास आधी ठाऊक असता तर बहुधा आलोच नसतो, अशा आशयाचं अली बोलला. १९८४ साली त्याने रेगन यांना पाठिंबा दिला. १९९०मध्ये मात्र सरकारची नाराजी पत्करून तो बगदादला गेला आणि पंधरा अमेरिकन ओलिसांना सोडवून आणलं.

असा हा गुंतागुंतीचा माणूस. १९८४ साली त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. हळूहळू बोलणं मंदावलं. १९९६ साली अटलांटाला त्याने थरथरत्या हाताने ऑलिंपिक ज्योत पेटवली आणि अमेरिका रडली. तिथून पुढे तो सर्वांचा झाला. २००५ साली पदक मिळालं तेव्हा इराकमध्ये अमेरिकेचं युद्ध पेटलेलं होतं. व्हिएतनामला नाही म्हणणाऱ्याचा गौरव इराकवर सैन्य पाठवणारा राष्ट्राध्यक्ष करत होता. पंचविशीतला अली त्या मंचावर असता तर काय बोलला असता, याची कल्पना करा. बोलणारा अली त्या मंचावर आलाच नसता. म्हणूनच न बोलणारा अली बोलावला गेला.

माहितीपट या दोन चित्रफिती शेजारी ठेवतो आणि बघणाऱ्याला दिलासा मिळतो की शेवटी सगळं ठीक झालं. मला तो दिलासा मिळत नाही. ३ जून २०१६ रोजी अली गेला. जगाने त्याचा जनाजा पाहिला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा मुलगा मुहम्मद अली ज्युनियर फ्लोरिडाच्या विमानतळावर अडवला गेला. तुम्ही मुसलमान आहात का, असं आपल्याला विचारल्याचं त्याने सांगितलं. धर्मावरून अडवलं नसल्याचा खुलासा सीमाशुल्क खात्याने केला. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अलीला मरणोत्तर माफी द्यायचा विचार असल्याचं सांगितलं. कुटुंबाच्या वकिलाला सांगावं लागलं की सुप्रीम कोर्टाने शिक्षाच रद्द केली आहे, माफ करायला काही उरलेलं नाही. कौतुक करणाऱ्यांना तो खटला वाचावासाही वाटला नव्हता.

आपला अली

अमेरिकेने अलीचे दात काढून त्याची मूर्ती केली, असं म्हणणं सोपं आहे. आपणही वेगळं काय केलं? तालमी-जिममधल्या भिंतीवर, व्हॉट्सअॅपच्या संदेशांत आपला अली हा इस्लामची ताकद दाखवणारा पहिलवान असतो. त्याने मालकमकडे फिरवलेली पाठ, त्याच्या संघटनेची शिकवण, बंदीच्या काळात ज्या जो फ्रेझरने त्याला मदत केली त्यालाच पुढे गोऱ्यांचा चमचा आणि गोरिला म्हणून हिणवणं, रेगनला दिलेला पाठिंबा, बायकांना दिलेला त्रास, हे सगळं आपण गाळून टाकतो. उरतो तो आपल्या अभिमानाला उपयोगी पडणारा अली.

पण अलीकडून घेण्यासारखं काही असेल तर ते १९६७च्या एप्रिलमध्ये आहे. तेव्हा त्याच्या बाजूने फार थोडी माणसं होती. कोर्ट, सरकार, वर्तमानपत्रं, पूर्वीचे विजेते, अनेक काळे नेतेसुद्धा विरोधात. थोड्याच दिवसांत त्याची कमाई थांबणार होती. त्याने ठोसा मारला नाही, घोषणा दिली नाही. फक्त पुढे टाकायचं पाऊल टाकलं नाही. आपल्या समाजात, आपल्या गावात आज कुणी सत्तेला किंवा आपल्याच जमातीला असा एकट्याने नकार दिला, तर आपण त्याच्या शेजारी उभे राहतो की ससकिंडच्या?

सिगल यांचा माहितीपट जरूर पाहावा. अलीला बॉक्सिंगच्या रिंगमधून बाहेर काढून त्याच्या विवेकाच्या लढाईत उभं करणारे माहितीपट थोडेच आहेत. फक्त पदकाच्या दृश्यापाशी टाळ्या वाजवू नयेत. पदकं सुटलेल्यांना मिळतात. कसोटी असते ती शिक्षा चालू असताना त्या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची.